अकरा घरांची शेगडी

बादली उपडी केली आणि खालून शिंक ऐकू आली. एक. मग लगेच दुसरी.

धाकटी दचकून मागे सरली. घरामागच्या त्या चेंबरमध्ये ती गेली सहा-सात वर्षं रोज सकाळी साबणाचं धुवण ओतत आली होती, आणि चेंबर आजवर कधी शिंकलं नव्हतं. झाकण आज आधीच उघडं कसं, हा प्रश्न तिला पडला खरा, पण बादली रिकामी झाल्यावर.

खड्ड्यातून हळूहळू एक डोकं वर आलं. केसांवर फेसाचा डोंगर, भुवयांवरून ओघळणारे बुडबुडे, आणि घट्ट मिटलेले डोळे.

"लिंबू की संत्रं?" डोक्याने विचारलं.

"अं?"

"वास विचारतोय. डोळे चुरचुरतायत, पण नाकाला बरं वाटतंय."

"सं... संत्रं," ती कशीबशी म्हणाली. "माफ करा हां, मला वाटलं—"

"खाली कुणी नसेल. बरोबर आहे. शहाणी माणसं सकाळी सकाळी चेंबरमध्ये नसतातच."

तिला हसू आवरेना. तोंडावर हात दाबला तरी खांदे हलायचे ते हललेच. त्याने एक डोळा किलकिला केला, तिच्याकडे पाहिलं, आणि मग चुरचुर विसरून दुसराही उघडला.

"म्हणजे माझ्या जंतूंचा खून तुम्ही करताय तर," तो म्हणाला.

हा गॅसवाला. गल्लीत अकरा घरं, आणि अकराही घरांच्या संडासांची मिळून मागे एकच जुनी टाकी. वर्षातून दोनदा ती तुंबायची आणि मग आठवडाभर खिडक्या बंद ठेवून बसावं लागायचं. शेवटी गल्लीची सभा भरली आणि याला बोलावणं गेलं. त्याने जुनी टाकी काढून जमिनीखाली विटांचा एक घुमट बांधला. संडासांतला मैला त्यात जाणार, तिथे हवेशिवाय कुजणार, त्यातून गॅस निघणार आणि नळीने घरोघरी पोचणार. घरटी अर्धा-पाऊण तास शेगडी चालेल, म्हणजे सकाळचा चहा, दूध आणि वर थोडं गरम पाणी, इतकंच तो कबूल करायचा. जास्तीचं बोलायचा नाही. पण दीड महिना झाला तरी फुंकरीएवढासुद्धा गॅस निघेना. लोक कुजबुजायला लागले. म्हणून बिचारा एकेक चेंबर उघडून कारण शोधत होता, आणि कारणच त्याच्या डोक्यावर ओतलं गेलं होतं.

"गॅस करणारे जंतू असतात," तो केस पिळत म्हणाला. "तुमचा साबण त्यांना सोसत नाही. ते बिचारे घाणीत सुखी असतात. स्वच्छता आली की मेले."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्हाला सोसतो का साबण?"

त्याने गालावरचा फेस बोटाने पुसला. "आजवर वाटत नव्हतं," तो म्हणाला, "पण... सवय होईल बहुतेक."

धाकटी रिकामी बादली घेऊन आत पळाली. दारात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण उगाचच पळालो.

आता धाकटीच्या आईबद्दल सांगायला हवं. आईला सगळे साबणवाल्या काकू म्हणत. नवरा गेल्यावर तिने मागच्या खोलीत साबण करायला घेतला, त्या वड्यांवर दोन मुली वाढवल्या, थोरलीचं लग्न करून दिलं, आणि धाकटीला हाताशी धरून धंदा नावारूपाला आणला. काकूंचं नाक म्हणजे गल्लीतलं शेवटचं न्यायालय. तेल खवट आहे का, दूध कालचं आहे का, कुणाच्या घरी काय करपलं, सगळं त्या उंबऱ्यात उभ्या राहून सांगत. "माणूस खोटं बोलेल, नाक बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हेच नाक धाकटीकडेही आलं होतं. आईची जीभ तेवढी आली नव्हती.

गॅसवाला दुपारी रीतसर दारात आला. आंघोळ करून, केस विंचरून.

"काकू, साबणाचं पाणी संडासाच्या लाइनीत सोडू नका, एवढीच विनंती."

"आणि सोडू कुठे? डोक्यावर?"

"तेही करून झालंय," तो म्हणाला. पडद्यामागून खुदकन आवाज आला.

काकूंनी मान वळवली नाही, पण भुवई वळली. "हे बघा, माझ्या साबणाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. तुमच्या त्या... त्या खड्ड्यासाठी मी धंदा बंद करायचा? आणि त्यावर अन्न शिजवायचं? शी! उपाशी राहीन, पण माझ्या घरात तो गॅस पेटायचा नाही."

"नका पेटवू. पाणी तेवढं वेगळं करू. मी करून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी फावड्याचा आवाज ऐकून धाकटीने खिडकी उघडली. तो त्यांच्या परसात शोषखड्डा खणत होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मदतीला नव्हतं. खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू, आणि मोरीपासून तिथवर एक वेगळा पाईप, म्हणजे साबणाचं पाणी परस्पर जमिनीत जिरेल. दोन दिवसांचं काम. त्याला चार दिवस लागले.

का लागले ते सगळ्या गल्लीला कळत होतं, काकू सोडून.

धाकटी साच्यातल्या साबणाच्या लाद्या तारेने कापायची तर खिडकीपाशी बसून. तो खडी चाळायचा तर खिडकीखाली. वडी कापली की ती हुंगून बाजूला ठेवायची, आणि तो दर वेळी मान वर करायचा.

"हा कशाचा?"

"तुम्ही ओळखा."

"गुलाब."

"पुदिना आहे हो! नाक आहे की नुसतं शोभेला?"

"माझं नाक कामावर असताना सुटीवर असतं," तो म्हणायचा. "नाहीतर कसं चालेल?"

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "कंटाळा नाही येत? म्हणजे... या कामाचा. लोक काय काय बोलतात."

तो फावड्यावर रेलला. 

"माझे वडील टाक्या उपसायचे," तो म्हणाला. "हातांनी, बादलीने. घरी आले की तीन तीनदा अंघोळ करायचे, आणि तरी आम्हा पोरांना जवळ घ्यायचे नाहीत. वास येईल म्हणायचे. खरं तर यायचा नाही. मला तर कधीच आला नाही. तेव्हापासून डोक्यात होतं, की ही टाकी कुणाला उपसावीच लागू नये असं काहीतरी करायचं. वर त्यातून चूल पेटली तर चांगलंच."

"आणि आता? आता जवळ घेतात?"

"आता मीच घेतो त्यांना. ते लाजतात."

धाकटीच्या हातातली तार साबणात तशीच अडकून राहिली. त्या वडीची एक बाजू जाड आणि एक बारीक झाली. ती वडी तिने विकायला ठेवली नाही.

साबणाचं पाणी बंद झालं, नवे जंतू यावेत म्हणून त्याने टाकीत शेणाचा ताजा काला ओतला, आणि एकविसाव्या दिवशी शेजारच्या टेलरकाकूंच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटली. छोटीशी, निळी, किंचित फुरफुरणारी. पाहायला इतकी गर्दी झाली की यजमानांनाच आत जागा उरली नाही. रिटायर पोस्टमनकाका टाळ्या वाजवायला लागले. "म्हणजे," ते म्हणाले, "आयुष्यभर मी जे फुकट घालवलं—"

"पुरे!" टेलरकाकू ओरडल्या, आणि घरभर हशा पिकला.

त्या गर्दीत दोघं शेजारी शेजारी उभी होती. कुणीतरी मागून ढकललं, आणि धाकटीचा हात त्याच्या मनगटावर टेकला. तिने तो काढला नाही. त्यानेही मनगट हलवलं नाही. दोघंही अगदी मन लावून शेगडीकडे पाहत होती.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग माशी शिंकली.

सहा घरांनी शेगडी घेतली. उरलेल्या पाच घरांचा पाय अडला, कारण साबणवाल्या काकू म्हणत होत्या की अन्नाला वास लागेल, आणि काकूंच्या नाकापुढे कोण बोलणार? घेतलेल्या सहांतलीही दोन घरं चुळबुळायला लागली. एका संध्याकाळी काकू ओट्यावर टेलरकाकूंशी बोलत होत्या, आणि धाकटी तिथेच वड्यांना कागद गुंडाळत बसली होती.

"माणूस चांगला असेल हो," काकू म्हणाल्या. "पण दिवसभर मैल्यात हात घालणारा. अशाला घरात घ्यायचं म्हणजे..." त्या धाकटीकडे वळल्या. "काय गं, खरं ना?"

धाकटीने मान वर केली. गॅसवाला फाटकात उभा होता. हातात पाना. कधीपासून उभा होता कोण जाणे.

तिला बोलायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण आईसमोर तिची जीभ आयत्या वेळी नेहमी दगा द्यायची, तशी तेव्हाही दिली. त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि मग काकूंकडे वळला.

"काकू, परवा रविवार आहे. तुम्हीच या आणि वास घ्या. सगळ्यांसमोर. तुम्ही वास आहे म्हणालात, तर मी सगळ्या घरांच्या नळ्या काढून घेईन आणि जाईन."

"माझ्यावर सोडताय?" काकूंना आश्चर्य वाटलं.

"गल्लीत तुमच्याइतकं खरं नाक नाही म्हणतात."

धाकटीशी तो एक शब्दही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ती दोनदा मागच्या बाजूला गेली. दोन्ही वेळा तो घाईघाईने पाईपमागे काहीतरी शोधायला लागला. "काही हवंय का तुम्हाला?" एवढंच. तशी 'तुम्ही' ती पहिल्यापासूनच होती, पण त्या दिवशीचं ते 'तुम्हाला' तिला फार लांबून आल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी भुरभुर पाऊस होता. धाकटीने खिडकी उघडली आणि ती जागच्या जागी थबकली. ओल्या मातीचा वास होता, पाण्याचा होता, आणि त्यांच्याखाली कुठेतरी सुतासारखा बारीक एक तिसरा वास होता. नासक्या अंड्याचा. दुसऱ्या कुणाला आला नसता. आईला दोन तासांनी नक्की येणार होता.

तिने छत्री घेतली, न्हाणीतून हाताला लागेल ती वडी आणि एक ब्रश उचलला, आणि ती मागे धावली.

"गळतंय," ती धापा टाकत म्हणाली. "कुठेतरी गळतंय."

तो लोखंडाच्या किसाने भरलेलं नळकांडं बसवत होता. गॅसचा वास त्या किसात अडकतो. त्याने वर पाहिलं नाही. "दाबाचा मीटर बरोबर दाखवतोय."

"मीटरला नाक आहे?"

आता त्याने पाहिलं. ती पावसात उभी होती आणि छत्री हातात तशीच मिटलेली होती.

"कुठे?" त्याने विचारलं.

ती डोळे मिटून पाईपच्या कडेकडेने चालायला लागली. चार पावलं पुढे, दोन मागे. तो मागोमाग. तिसऱ्या आणि चौथ्या घराच्या मध्ये ती थांबली. "इथे. या हातभर जागेत."

त्या हातभर जागेत तीन सांधे होते. तिने वडी ओली करून ब्रशने फेस काढला आणि एकेका सांध्यावर थापला. पावसाने फेस धुऊन जाऊ नये म्हणून त्याने छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली.

"माझ्यावर नको, पाईपवर धरा!"

"तुम्ही भिजताय."

"भिजू दे. बघा... बघा!"

मधल्या सांध्यावर एक बुडबुडा फुगला. वाटाण्याएवढा, मग बोराएवढा. फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. दोघंही पाईपवर वाकली होती, डोकी जवळजवळ टेकलेली, आणि इतक्या बारकाईने जगात कुणी कधी बुडबुडा पाहिला नसेल.

तो पाना घेऊन सांधा आवळायला लागला. त्याची पाठ तिच्याकडे होती. पाठीशी बोलणं तिला सोपं गेलं.

"परवा मी गप्प बसले," ती म्हणाली. "मला बोलायला हवं होतं. तुमच्या हातांबद्दल... मला त्यांची किळस कधीच वाटली नाही. उलट—"

पाना थांबला.

"उलट काय?"

"आधी सांधा आवळा."

"आवळला. उलट काय?"

"उलट... चार दिवसांचा खड्डा आठ दिवस चालला असता तरी मला चाललं असतं."

तो वळला. पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर होते, आणि हसू हळूहळू डोळ्यांपासून खाली उतरत ओठांपर्यंत आलं. "मला वाटलं होतं, तुला माझ्या त्या चार दिवसांचा संशय आला असेल," तो म्हणाला. आणि 'तुला' म्हणालो हे लक्षात येऊन स्वतःच गोंधळला.

"असू दे," ती म्हणाली. "तेच राहू दे."

मग तिने वडी त्याच्या हातावर ठेवली. "हात धुऊन घ्या. आई येईल."

काकू दहाच्या ठोक्याला टेलरकाकूंच्या घरी हजर झाल्या. नाक साफ करून, साध्या पाण्याने दोनदा चूळ भरून. अकरा घरं दारात, खिडकीत, जिन्यावर. धाकटी भिंतीशी उभी. गॅसवाला शेगडीशी, चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखा.

काकूंनी नळी हुंगली. शेगडी पेटवायला लावली आणि ज्योतीच्या वर, बाजूला, खाली वास घेतला. दूध ठेवायला लावलं. तापल्यावर ते हुंगलं. मग सगळ्यांच्या देखत पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि गिळला. 

काकूंनी पदराने ओठ पुसले. 'वास येतो' एवढे दोन शब्द म्हटले असते तरी काम झालं असतं. कुणी पडताळून बघणार नव्हतं. धाकटीला आईच्या मनातली ती ओढाताण दिसत होती, आणि जन्मात पहिल्यांदाच तिला आईची दया आली.

"नाही," काकू शेवटी म्हणाल्या. "कशाचाही वास नाही. दुधाला दुधाचाच वास आहे." त्यांनी एक सुस्कारा सोडला. "आणि आच चांगली आहे. माझ्या घरी कधी लावताय?"

एकच गलका झाला. पोस्टमनकाकांनी गॅसवाल्याला मिठी मारली. त्या गलक्यात काकूंनी हात वर केला.

"थांबा. एक वास मात्र येतोय."

सगळे गारठले.

काकू दोन पावलं पुढे गेल्या, गॅसवाल्याचा हात धरला आणि नाकाशी नेला. "केशर आणि चंदन," त्या सावकाश म्हणाल्या. "ही वडी मी अजून बाजारात पाठवलेली नाही. घरात एकच आहे. माझ्या न्हाणीत."

धाकटी भिंतीतून पार व्हायची जागा शोधू लागली.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

प्रश्न लेकीला होता, पण उत्तर जिन्यावरून आलं. "खड्डा खणला तेव्हापासून," टेलरकाकू म्हणाल्या. "नाही नाही, त्याच्या आधी, बादली ओतली तेव्हापासून," असं खिडकीतून कुणीतरी दुरुस्त केलं. त्यावर तिथल्या तिथे वाद जुंपला.

"म्हणजे अख्ख्या गल्लीला वास लागला," काकू थक्क होऊन म्हणाल्या, "आणि मला नाही?"

"आई," धाकटी म्हणाली. या खेपेला जिभेने दगा दिला नाही. "मी दिली ती वडी. आणि परवा तू विचारलंस ना, खरं ना म्हणून? तर ते खरं नाही. असल्या माणसाला घरात घ्यायचं म्हणजे... घ्यायचंच."

पोस्टमनकाकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि बायकोच्या नजरेने बंद केल्या.

काकूंनी गॅसवाल्याचा हात अजून सोडला नव्हता. तो उलटा करून त्यांनी तळव्याकडे पाहिलं. घट्टे, पान्याचा ताजा वळ, नखं अगदी स्वच्छ. "परवाचं माझं बोलणं तुम्ही ऐकलंत," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "ते बोलायला नको होतं मी."

"काकू, त्याचं काही—"

"मला बोलू द्या, मला सवय नाही असलं बोलायची. वडिलांना घेऊन या. त्यांच्याशी बोलणी करेन. तुमच्याशी कसली करायची, तुम्ही तर नुसते लाल होताय."

खरंच झाला होता तो लाल. काही बोलायला गेला, तर पाईपचा उतार दर मीटरला किती ठेवलाय हे सांगायला लागला. काकूंनी पेला त्याच्या हातात दिला. "दूध प्या आधी."

गर्दी पांगल्यावर दोघं ओट्यावर बसली. पाऊस थांबला होता, पन्हळीतून उरलंसुरलं पाणी टपटपत होतं.

"मला पुढच्या महिन्यात दुसरं काम आहे," तो म्हणाला. "डोंगरावरची वस्ती. चाळीस घरं. सहा महिने तरी लागतील. आधीच सांगायला हवं होतं, पण... धीर झाला नाही."

"चाळीस घरं म्हणजे सांधे किती?"

"असतील सातशे-आठशे."

"आणि मीटरला नाक नाही."

"नाही," तो म्हणाला. मग श्वास रोखून, "येशील?"

"नुसतं नाक मिळत नाही हं आमच्याकडे. अख्खं माणूस न्यावं लागतं. लग्न करून. आईची परवानगी घेऊन. सकाळचा चहा स्वतः करून."

"चहा मी करतो. बाकीचं सगळं कबूल."

"बाकीचं म्हणजे काय काय ते म्हणून दाखवा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. ओट्यावर कुणी नव्हतं. मग तिच्याकडे झुकून, अगदी कानाशी, त्याने ते म्हणून दाखवलं. काय म्हणाला ते गल्लीत कुणालाच कळलं नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस टेलरकाकूंना त्याचीच रुखरुख लागून राहिली.